कंपायलर बघून घेईल?

सी भाषा शिकवणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असते. विद्यार्थी विचारतो, “सर, असं लिहिलं तर प्रोग्रॅम हळू नाही का चालणार?” आणि आपण म्हणतो, “तू स्वच्छ लिही, बाकीचं कंपायलर बघून घेईल.” वाक्य सोयीचे आहे, आणि पुष्कळदा खरेही आहे. एखाद्या पूर्णांकाला आठाने गुणायला सांगितले, तर द्विमान अंक तीन घरे डावीकडे सरकवले की काम भागते हे कंपायलरला ठाऊक असते. कधीच न वापरलेले चल तो टाकून देतो. आवर्तनात न बदलणारी आकडेमोड तो उचलून आवर्तनाच्या बाहेर ठेवतो. या गोष्टी विद्यार्थ्याने हाताने करू नयेत हेच बरे.

पण हे वाक्य फसते ती जागा फार अवघड नाही. ती पहिल्या सत्राच्या वहीतही सापडते. मी स्वतः हे वाक्य एकदा फार आत्मविश्वासाने म्हटले आणि तोंडघशी पडलो. ती हकिगत पुढे येईलच. आधी उदाहरण पाहू.

महिन्याचा क्रमांक दिला की त्या महिन्याचे दिवस सांगणारे फंक्शन लिहायचे आहे. लीप वर्ष तूर्त बाजूला ठेवू. बहुतेक विद्यार्थी फंक्शनच्या आत असे काही लिहितील:

कॉन्स्ट इंट दिवस[१२] = { ३१, २८, ३१, ३०, ३१, ३०, ३१, ३१, ३०, ३१, ३०, ३१ };
रिटर्न दिवस[म - १];

सीचे शब्द इथे वाचण्याच्या सोयीसाठी नागरीत लिहिले आहेत. कंपायलरला अर्थात रोमन लिपीच लागते. तक्ता जिथे लागतो तिथेच लिहिला आहे, तो बदलायचा नाही हेही ‘कॉन्स्ट’ या शब्दाने सांगितले आहे. मी तपासत असतो तर पूर्ण गुण दिले असते.

आता एकच प्रश्न विचारू. हे बारा आकडे मेमरीत कुठे असतात, आणि तिथे केव्हा जातात?

भाषेचा नियम सांगतो की फंक्शनच्या आत जाहीर केलेला तक्ता ‘स्वयंचलित’ असतो. फंक्शन सुरू झाले की तो जन्माला येतो, संपले की नाहीसा होतो. म्हणजे नियमाप्रमाणे दर वेळी फंक्शनला बोलावले की स्टॅकवरची मोकळी जागा घ्यायची, बारा आकडे तिथे मांडायचे, त्यातला एक वाचायचा आणि सगळी जागा सोडून द्यायची. आजच्या नेहमीच्या संगणकावर इंट चार बाइटचा असतो, म्हणजे ४८ बाइट मांडायचे आणि चार वाचायचे.

आपल्या शाळांच्या भिंतींवर पाढे रंगवलेले असतात. एकदा रंगवले, वर्षानुवर्षे मुले वाचतात. त्याऐवजी गुरुजी दर तासाला वर्गात येऊन फळ्यावर दोन ते तीसचे पाढे लिहून काढतात, एका मुलाला “सात नव्वे किती?” एवढेच विचारतात, आणि फळा पुसून निघून जातात, अशी कल्पना करा. स्वयंचलित तक्ता हा असा फळ्यावरचा पाढा आहे.

“पण कंपायलर इतका खुळा थोडाच आहे?” असे कोणी म्हणेल. खुळा नाहीच. सीच्या प्रमाणात कंपायलरला मोठी मोकळीक दिलेली आहे. तिला आपण ‘जणू-नियम’ म्हणू. प्रोग्रॅमचे बाहेरून दिसणारे वर्तन जणू नियमाबरहुकूम सगळे केले असे असले की पुरे. आत कंपायलरने काय केले, काय गाळले, हा त्याचा प्रश्न. वरच्या फंक्शनमध्ये तक्ता बदलत नाही, फक्त वाचला जातो. तो एकदाच कायमच्या जागी रंगवून ठेवला तरी बाहेरच्या कोणाला काही कळणार नाही. एलएलव्हीएम या संचावर आधारलेला क्लँग कंपायलर हे ओळखतो, आणि ‘कॉन्स्ट’ लिहायला विसरलात तरी तक्त्यात कोणी लिहीत नाही हे स्वतः पाहून तसे करतो. जीसीसी याबाबत अधिक सावध आहे. ‘कॉन्स्ट’ नसेल तर त्याच्या अनेक आवृत्त्या ऑप्टिमायझेशन चालू असतानाही दर वेळी ४८ बाइट मांडताना मी पाहिल्या आहेत. आणि टर्बो सी (पहिली आवृत्ती १९८७) वापरून आपल्या महाविद्यालयांत पिढ्याच्या पिढ्या सी शिकल्या, त्याच्याकडून तर अशी अपेक्षाच नको.

इथपर्यंत ‘कंपायलर बघून घेईल’ हे वाक्य थोडे लंगडत का होईना, चालते.

पत्ता बाहेर गेला की

आता फंक्शनमध्ये एक छोटा बदल करू. तक्त्यातला आकडा आपण स्वतः न वाचता, तक्ता दुसऱ्या एका फंक्शनच्या हाती देऊ. हे दुसरे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये आहे. सी भाषेत तक्ता हाती देणे म्हणजे त्याच्या पहिल्या घराचा पत्ता देणे. कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो, त्यामुळे पलीकडचे फंक्शन त्या पत्त्याचे काय करील हे त्याला दिसत नाही.

या एका बदलाने चित्र पालटते. ऑप्टिमायझेशन पूर्ण चालू असले, तक्ता ‘कॉन्स्ट’ असला, तरी जीसीसी आणि क्लँग दोघेही दर वेळी तक्ता स्टॅकवर नव्याने मांडतात. तक्ता मोठा असेल तर प्रकार आणखी गमतीचा होतो. त्याची मूळ प्रत कंपायलरने प्रोग्रॅमच्या न बदलणाऱ्या भागात आधीच ठेवलेली असते, आणि दर वेळी तिच्यावरून नक्कल स्टॅकवर उतरवली जाते. पाढा भिंतीवर रंगवलेला आहेच; गुरुजी त्याच्याकडे बघून तो फळ्यावर उतरवून घेत आहेत.

का? इथे बहुतेक जण, आणि काही पुस्तकेही, एक चुकीचे उत्तर देतात: पलीकडचे फंक्शन तक्ता बदलील अशी कंपायलरला भीती वाटते. तक्ता ‘कॉन्स्ट’ नसेल तर ही भीती खरी आहे. पलीकडच्या फंक्शनने आपल्या जाहीरनाम्यात ‘मी फक्त वाचणार’ असे म्हटलेले असले तरी ते पुरत नाही. सीमध्ये पॉइंटरवरचे हे बंधन काढून टाकता येते, आणि मूळ वस्तू ‘कॉन्स्ट’ नसेल तर असे काढून लिहिणे कायदेशीर आहे. पण मूळ तक्ताच ‘कॉन्स्ट’ म्हणून जन्माला आला असेल, तर त्यात लिहिणे हा प्रोग्रॅमचा गुन्हा आहे आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी कंपायलरवर नाही. म्हणजे आकडे बदलण्याची भीती बाद झाली.

पलीकडच्याने पत्ता जपून ठेवला आणि आपले फंक्शन संपल्यावर वापरला तर? तोही गुन्हाच. तीही भीती बाद.

उरते ती तिसरी शक्यता, आणि सगळा घोळ तिथे आहे. पलीकडचे फंक्शन आपल्याच फंक्शनला पुन्हा बोलावू शकते. आपली पहिली फेरी अजून संपलेली नाही, तिचा तक्ता जिवंत आहे. आणि दुसरी फेरी सुरू झाली, तिचा स्वतःचा तक्ता जन्माला आला. दोन्ही तक्त्यांत तेच बारा आकडे आहेत. पण सीच्या नियमाप्रमाणे त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन वेगळ्या वस्तूंचे पत्ते वेगळे असलेच पाहिजेत. पलीकडचे फंक्शन हे दोन पत्ते ताडून पाहू शकते. तक्ता भिंतीवर एकदाच रंगवला असेल तर दोन्ही पत्ते एकच निघतील, आणि प्रोग्रॅमचे बाहेरून दिसणारे वर्तन बदलेल. जणू-नियम मोडला.

म्हणजे कंपायलरला अडवतो तो आकड्यांचा प्रश्न नव्हे, ओळखीचा प्रश्न. ‘कॉन्स्ट’ हा शब्द आतल्या मालाबद्दल बोलतो, घराच्या पत्त्याबद्दल बोलत नाही. दोन चाळींत अगदी सारखे सामान असलेल्या दोन खोल्या असल्या, तरी पोस्टमनच्या लेखी त्या दोन खोल्याच असतात.

असे पत्ते ताडून पाहणारा प्रोग्रॅम कोणी लिहितो का? आपला महिन्यांचा तक्ता दुसऱ्या फेरीतल्या महिन्यांच्या तक्त्याहून वेगळ्या जागी आहे की नाही, याची चौकशी करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण कोणीतरी करील या शक्यतेपोटी बाकी सगळ्यांचे तक्ते दर वेळी उतरवले जातात.

सगळ्या फाइली एकत्र पाहणारी व्यवस्था आता कंपायलरांत आहे, तिच्यामुळे पलीकडचे फंक्शन दिसू शकते, हे खरे. तरीही जीसीसीमध्ये ‘कॉन्स्ट’ तक्ता कायमच्या जागी हलवायचा की नाही हा निर्णय अनुवादाच्या अगदी सुरुवातीला होतो. नंतर कळलेल्या गोष्टींचा तिथे उपयोग होत नाही.

माझी फजिती

मी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना शोधण्याचे काम करतो. या कामात प्रत्येक प्रकारचा अणू क्ष-किरण किती विखुरतो हे एका सूत्राने काढतात. सूत्रात प्रत्येक मूलद्रव्यासाठी नऊ सहगुणक लागतात. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने वीस मूलद्रव्यांचा तक्ता फंक्शनच्या आतच, ‘कॉन्स्ट’ लावून, नीटनेटका लिहिला होता. तो ती दुसऱ्या फाइलमधल्या एका बेरीज करणाऱ्या फंक्शनकडे देत असे. तिने मला विचारले, “सर, हा तक्ता दर वेळी नव्याने भरला जातो का?” मी ते वाक्य म्हटले. वर हसलोही असेन.

हिशेब करून पाहा. वीस मूलद्रव्ये, नऊ सहगुणक, प्रत्येकी आठ बाइट: १४४० बाइट. पाचशे अणू आणि वीस हजार परावर्तने म्हणजे फंक्शनला एक कोटी वेळा बोलावणे. एकूण १४४० कोटी बाइट इकडून तिकडे उतरवायचे, आणि प्रत्येक वेळी त्यातले ७२ बाइट वाचायचे. जाणकार म्हणतील की प्रत्येक अणूसाठी हे गणित करण्याची गरजच नव्हती, मूलद्रव्यागणिक एकदा केले असते तर पुरले असते. बरोबर आहे, आणि नंतर आम्ही तसे केलेही. पण माझी चूक वेगळी होती. प्रश्न नेमका होता, त्याचे उत्तर ‘हो’ असे होते, आणि मी ते न पाहताच ‘नाही’ म्हणून सांगितले. तिने दोन आठवड्यांनी कंपायलरने तयार केलेला असेंब्ली मजकूर काढून माझ्यासमोर ठेवला. मूळ प्रतीवरून १४४० बाइट उचलून स्टॅकवर ठेवणारी आज्ञा फंक्शनच्या तोंडाशीच होती. तक्त्याच्या आधी ‘स्टॅटिक’ हा एक शब्द घातल्यावर ती नाहीशी झाली.

पुस्तकातले एक पान

मग मी कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक काढून बसलो. सी भाषा घडवणारे डेनिस रिची स्वतः त्याचे सहलेखक, आणि आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांनी उदाहरणे याच पुस्तकातून उचललेली. पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची. पाचव्या प्रकरणात महिन्यांच्या दिवसांचेच उदाहरण आहे: साधे वर्ष आणि लीप वर्ष अशा दोन ओळींचा तक्ता. पुढच्याच भागात महिन्याचे नाव सांगणारे फंक्शन आहे. पहिल्या उदाहरणात तक्ता फंक्शनांच्या बाहेर, दुसऱ्यात आत. पण दोन्ही ठिकाणी ‘स्टॅटिक’ लिहिलेले आहे. म्हणजे लेखकांनी पाढा भिंतीवरच रंगवला आहे. त्यांचा हात बरोबर जागी गेला.

का गेला, हे मात्र पान सांगत नाही. दिवसांचा तक्ता बाहेर का, तर दोन फंक्शनांना तो सामाईक हवा म्हणून, एवढे स्पष्टीकरण आहे. आकड्यांसाठी इंटऐवजी कॅर का वापरला, पहिल्या रकान्यात शून्य का ठेवले, हेही प्रेमाने समजावले आहे. नावांच्या तक्त्याबाबत, आतल्या स्टॅटिक तक्त्याचा हा आदर्श उपयोग आहे, एवढेच म्हणून लेखक पुढे जातात. आदर्श कशासाठी, हे वाचकाने ओळखायचे.

१९७८ साली हे सांगायची गरजच नव्हती, कारण त्या वेळच्या सीमध्ये स्वयंचलित तक्त्याला सुरुवातीची मूल्ये देताच येत नसत. ‘स्टॅटिक’ लिहिले नाही तर कंपायलर तक्रार करी. नियमच असा होता की चुकणे शक्य नव्हते. १९८९च्या अमेरिकन प्रमाणाने ही बंदी उठवली. दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी बदलांची यादी आहे, तिच्यात या सवलतीची नोंद आहे. प्रमाण करणाऱ्यांनी विद्यार्थ्याची एक अडचण दूर केली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट झाकली गेली. आधी जे काम करायचे तर घरे एकेक करून भरावी लागत आणि खर्च डोळ्यांना दिसे, ते आता एका सुबक ओळीत मावू लागले. ओळ ‘स्टॅटिक’ तक्त्याच्या ओळीसारखीच दिसते. अर्थ मात्र एकदम वेगळा.

दुसरी आवृत्ती नेमकी या सांध्यावर लिहिली गेली. स्वयंचलित चलाला दिलेले सुरुवातीचे मूल्य म्हणजे दर वेळी केलेली नेमणूकच, हे तिने चौथ्या प्रकरणात सांगितले आहे. हे वाक्य आणि पाचव्या प्रकरणातला तक्ता यांची गाठ घालून द्यायला एक परिच्छेद पुरला असता. तो नाही. आणि १९८९च्या प्रमाणात आलेला ‘कॉन्स्ट’ हा शब्द दोन्ही तक्त्यांवर लावायचाही राहून गेला आहे. तक्ते न बदलणारे आहेत हे वाचकाला कळते. भाषेला सांगितलेले नाही. या पुस्तकाबद्दल मला आदर आहे, आणि इतकी कमी पाने खर्चून इतके सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. पण आखडत्या लेखणीची किंमत अशा जागी कळते. उदाहरण बरोबर असते, कारण गाळलेले असते, आणि नक्कल करणारा पहिल्यांदा ‘स्टॅटिक’ हाच शब्द गाळतो, कारण तो काढला तरी उत्तर तेच येते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘स्टॅटिक’ शिकवतात तो वेगळ्याच उदाहरणाने: फंक्शनला किती वेळा बोलावले ते मोजणारा मोजक. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ‘स्टॅटिक म्हणजे मागचे लक्षात ठेवणारे’ असे समीकरण बसते. न बदलणाऱ्या तक्त्याला लक्षात ठेवण्यासारखे काही नसते, म्हणून तिथे हा शब्द त्याला सुचतच नाही. मी तर म्हणेन की मोजकाचे उदाहरण दुसरे असावे आणि महिन्यांचे पहिले.

भिंतही मोफत नसते

‘स्टॅटिक कॉन्स्ट’ लिहा, असा उपाय सांगून थांबता आले असते. पण आता अनेक शाळांत आर्डुइनो युनो पोचला आहे, आणि तिथे गोष्ट आणखी एक पायरी खाली जाते. त्याच्यावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी आहे, पण चालू कामाच्या आकड्यांसाठी फक्त २ किलोबाइट. संदेशातल्या चुका पकडण्यासाठी २५६ घरांचा, प्रत्येकी चार बाइटचा एक तक्ता वापरतात. तो १०२४ बाइटचा होतो. फंक्शनच्या आत साधा लिहिला आणि पत्ता बाहेर गेला, तर त्या फंक्शनला बोलावताक्षणी स्टॅकवर निम्मी मेमरी खर्च. त्यातून दुसऱ्या कोणाच्या आकड्यांवर स्टॅक चढला तर यंत्र काहीबाही करू लागते, आणि बिचारी मुले तारा तपासत बसतात.

‘स्टॅटिक कॉन्स्ट’ केल्याने दर वेळची नक्कल थांबते. पण या चिपमध्ये फ्लॅश आणि चालू मेमरी यांचे पत्ते वेगवेगळे असल्यामुळे तक्ता सुरुवातीलाच चालू मेमरीत उतरवला जातो आणि तिथेच बसून राहतो. निम्मी मेमरी गेली ती गेलीच, फक्त आता कायमची. तक्ता फ्लॅशमध्येच ठेवायचा तर ‘प्रोगमेम’ ही वेगळी खूण लावावी लागते आणि वाचायलाही वेगळी फंक्शने वापरावी लागतात.

उलट बाजूने, घाईत नुसते ‘स्टॅटिक’ लिहून ‘कॉन्स्ट’ विसरणे जास्त धोक्याचे. मग सगळ्या फेऱ्यांचा मिळून एकच तक्ता, आणि तो बदलता येण्याजोगा. एका फेरीने केलेली खाडाखोड पुढच्या फेरीला दिसते. दोन शब्द जोडीनेच यावेत.

सवलत एकाला, दुसऱ्याला नाही

कंपायलर लिहिणाऱ्यांना हा अपव्यय दिसत नाही असे नाही. जीसीसीला ‘एफ-मर्ज-ऑल-कॉन्स्टंट्स’ नावाचा पर्याय देता येतो. तो दिला की दोन तक्त्यांचे पत्ते वेगळे असण्याची अट कंपायलर सोडून देतो आणि न बदलणारा तक्ता बिनदिक्कत कायमच्या जागी ठेवतो. यामुळे भाषेचा नियम मोडतो, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच प्रामाणिकपणे नोंदलेले आहे, आणि म्हणून हा पर्याय मागितल्याशिवाय लागू होत नाही. क्लँग मात्र ही सवलत अनेक वर्षे न मागताच घेत असे. २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात त्यातून बिघाड निघाला. तिथे एका रिकाम्या तक्त्याचा पत्ता ओळखखूण म्हणून वापरला होता, आणि पत्त्यांची तुलना चुकत होती. लिनक्सच्या बांधणीत हा पर्याय बंद करण्यात आला, आणि त्याच वर्षी क्लँगनेही तो मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. मी वर म्हटले होते की पत्ते ताडून पाहणारा माणूस मला भेटलेला नाही. तो होता, माझ्या ओळखीचा नव्हता एवढेच. त्याने नियमावर विश्वास ठेवला होता, आणि त्याचेच बरोबर होते.

तेव्हा माझा रोख कंपायलरवर नाही. तो भाषेने दिलेले वचन पाळतो. तक्रार आहे ती भाषेबद्दल. ‘मला या तक्त्यातले आकडे हवेत, त्याची वेगळी ओळख नको’ एवढे साधे वाक्य सीमध्ये थेट म्हणता येत नाही. ‘स्टॅटिक कॉन्स्ट’ म्हणजेही ते वाक्य नव्हे. त्यात आपण ‘सगळ्या फेऱ्यांत एकच तक्ता’ असे दुसरेच काही सांगतो, आणि आपले काम भागते. ‘रजिस्टर’ हा जुना शब्द म्हणतो, ‘याचा पत्ता कोणी विचारणार नाही’. पण सीमध्ये तक्त्याचे घर वाचणे हेच पत्त्यावरून होत असल्याने १९८९च्या प्रमाणात असा तक्ता मोजता येतो, वाचता मात्र येत नाही!

चमत्कारिक भाग असा की भाषेने ही सवलत इतरांना दिलेली आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या दोन सारख्या मजकुरांच्या जागा वेगळ्या असल्याच पाहिजेत असे बंधन नाही. १९९९च्या प्रमाणाने जागच्या जागी लिहिता येणारे निनावी तक्ते आणले, आणि ते ‘कॉन्स्ट’ असतील तर त्यांनाही हीच सूट दिली. म्हणजे तेच बारा आकडे निनावी लिहिले तर भिंतीवर चालतात; त्यांना ‘दिवस’ असे नाव दिले की फळ्यावर. नाव देणे ही चांगल्या प्रोग्रॅमची खूण म्हणून आपणच शिकवतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणात ‘कॉन्स्टएक्सपर’ हा शब्द आला, तेव्हा मला वाटले की आता हे मिटले. त्याने सांगितलेले मूल्य अनुवादाच्या वेळीच पक्के ठरलेले असते. पण फंक्शनच्या आत नुसते ‘कॉन्स्टएक्सपर’ लिहिले तर तक्ता अजूनही स्वयंचलितच राहतो. त्याचा पत्ता घेता येतो, आणि दोन फेऱ्यांतले दोन पत्ते वेगळे असावेच लागतात. भिंतीवर हवा असेल तर त्याच्याही आधी ‘स्टॅटिक’ लिहायचे. १९७८ साली जो शब्द सक्तीचा होता, तोच.

वर्गात हे दाखवायला अर्धा तास पुरतो. दोन पॅरामीटर घेणारे एक फंक्शन लिहा: एक पॉइंटर आणि एक पूर्णांक. आत महिन्यांचा ‘कॉन्स्ट’ तक्ता ठेवा. पूर्णांक शून्य असेल तर फंक्शनने आपल्या तक्त्याचा पत्ता देऊन, पूर्णांक एक करून, स्वतःलाच बोलवावे. पूर्णांक एक असेल तर आलेला पत्ता आणि आपल्या तक्त्याचा पत्ता सारखे आहेत का, ते छापावे. जीसीसीने साधे अनुवादित केले तर उत्तर ‘वेगळे’ येते. ‘एफ-मर्ज-ऑल-कॉन्स्टंट्स’ देऊन तोच प्रोग्रॅम पुन्हा अनुवादित करा. उत्तर ‘सारखे’ येईल. मग तो पर्याय काढून टाका, तक्त्याच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहा, आणि छापायच्या आधी मुलांना विचारा, आता काय येईल?